पुणे–कोलकाता १५७७ किलोमीटर, मग विमानाला अडीच तास कशाला लागतात? आणि विट्याहून निघताना कोल्हापूर धरावं की पुणे?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो. विचारणारे विट्याजवळच्या एका गावचे आहेत, धाकटा भाऊ कोलकात्यात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, त्यानं तिथं फ्लॅट घेतलाय आणि डिसेंबरच्या मध्यावर वास्तुशांत आहे, पाहुण्यांचा कार्यक्रम संध्याकाळी पाचला. आईला घेऊन जायचंय, आईंचा हा पहिलाच विमानप्रवास. यांनी नेटवर पुणे–कोलकाता हवाई अंतर बघितलं, १५७७ किमी आलं, विमानाचा स्पीड ९०० धरला तर पावणेदोन तास होतात, पण तिकिटावर जाताना अडीच तास आणि येताना दोन तास पन्नास मिनिटं दाखवतंय. मग खरा आकडा कुठला, जाण्यायेण्यात फरक कशामुळं, कोल्हापूरहून हैदराबादमार्गे गेलं तर अंतर किती वाढतं, आणि त्याच दिवशी पहाटे घरातनं निघून पाचच्या आत पोचता येईल का.

मी बरीच वर्षं मुंबईत एअरलाईनच्या फ्लाईट डिस्पॅचला होतो, म्हणजे विमान निघायच्या आधी त्याचा रूट, वारा, इंधन, उतरता आलं नाही तर दुसरं विमानतळ कुठलं, हा सगळा हिशेब काढून कॅप्टनच्या हातात द्यायचं काम. आता सांगलीत विश्रामबागला असतो आणि ओळखीतली माणसं प्रवासाचं विचारायला येतात, त्यात गलाईवाल्यांची घरं बरीच, त्यामुळं तुमचा प्रश्न मला नीट कळतोय. प्रश्न दिसायला अंतराचा आहे पण तुम्हाला खरं हवंय ते वेगळंच, की आईंना फार त्रास न होता आणि कार्यक्रम न चुकता भावाच्या दारात किती वाजता पोचू. त्या हिशेबात हवेतलं अंतर हा सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे, तरी सुरुवात तिथूनच करतो कारण गोंधळ तिथंच झालाय.

१५७७ बरोबर आहे. पुण्याचं लोहगाव विमानतळ ते कोलकात्याचं डमडम विमानतळ, पृथ्वीच्या गोलाईवरनं मोजलेलं कमीत कमी अंतर. रेल्वेनं हेच दोन हजाराच्या आसपास जातं, आझाद हिंद एक्सप्रेसनं गेलेल्यांना ते अंगानं माहितीय. पण विमानसुद्धा त्या सरळ रेषेवरनं उडत नाही. वर ठरलेले मार्ग असतात, ठराविक बिंदूंवरनं जावं लागतं, त्या बिंदूंना पाच अक्षरांची नावं असतात आणि कंट्रोलर पायलटला अमुक बिंदूवर जा म्हणून सांगतो. पुण्यात तर विमानतळच एअरफोर्सच्या तळावर आहे, सुखोई तिथनंच उडतात, त्यामुळं प्रवासी विमानानं कुठनं वळून बाहेर पडायचं हे ठरलेलं असतं. कोलकात्यात त्या दिवशी वारा कुठला आहे त्यावर धावपट्टीच्या कुठल्या टोकाकडनं उतरायचं ते ठरतं, कधी सरळ आत जाता येतं, कधी वळसा पडतो. हे सगळं धरून साधारण १६४० किमी उडणं होतं असं समजा. कधी कंट्रोलर मधले बिंदू गाळून सरळ जाऊ देतो तेव्हा कमी होतं, कधी ढग चुकवायला वाढतं.

आता ९०० चा स्पीड. आपल्याकडं डोमेस्टिकला चालणारी एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ ही विमानं वर सरळ उडताना आवाजाच्या वेगाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास जातात, ते होतं ताशी ८३० ते ८४० किमी. ९०० किंवा कधी ९५० चा आकडा दिसतो तो मागनं वारा मिळालेला असताना जमिनीच्या हिशेबानं पडणारा वेग. आणि हे सगळं फक्त मधल्या टप्प्यात. विमान जमीन सोडतं तेव्हा वेग तीनशेच्या आतच असतो, १० हजार फुटांच्या खाली २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी ४६३ किमीपेक्षा जास्त जायची मुभा नसते, ३५ हजार फुटांवर पोचायला वीसबावीस मिनिटं जातात, आणि उतरायचं झालं की दोनशे किमी आधीपासनंच खाली यायला सुरुवात करावी लागते. आपली एसटी हायवेला ऐंशीनं पळते म्हणून विटा–पुणे दोनशे किमी काही अडीच तासात होत नाही, कराड लागतं, सातारा स्टँडला आत जाऊन यावं लागतं, शेवटी कात्रजपासनं स्वारगेटपर्यंत रांगत जावं लागतं, तसंच हे. स्पीड मधला, वेळ मात्र सगळ्याची.

तिकिटावरची वेळ म्हणजे उडाल्यापासनं उतरेपर्यंतची नव्हे, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. आम्ही त्याला ब्लॉक टाईम म्हणतो. चाकांखालचे ठोकळे काढून विमान मागं ढकलायला लागलं की घड्याळ सुरू आणि तिकडं जाऊन पार्किंगला उभं राहिलं की बंद. मधलं रांगेत थांबणं, धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं सगळं त्यात धरलेलं. तुमच्याच रूटचा हिशेब मांडून दाखवतो, डिसेंबरचा धरून. पुण्यात मागं ढकलून धावपट्टीपर्यंत १४ मिनिटं. वर चढायला २२ मिनिटं आणि तेवढ्यात २३० किमी कापलं जातं. उतरणीला आणि धावपट्टीशी रांगेत लागायला ३० मिनिटं, त्यात २६० किमी. कोलकात्यात उतरून गेटपर्यंत ८ मिनिटं. राहिलं मधलं ११५० किमी सरळ उडणं. डिसेंबरमध्ये मागनं वारा ताशी ७० किमी धरला तर ८३५ अधिक ७०, म्हणजे ९०५ नं ते ७६ मिनिटांत होतं. बेरीज करा, १५० मिनिटं, बरोबर अडीच तास. म्हणजे तिकिटावरचा आकडा चुकीचा नाही, तुमचा भागाकार पण चुकीचा नाही, फक्त तुम्ही पूर्ण रस्ता मधल्या टप्प्याच्या वेगानं धरला.

येतानाचा फरक याच हिशेबातनं निघतो. तेच ११५० किमी, पण आता वारा समोरनं, ८३५ वजा ७०, म्हणजे ७६५. त्याला ९० मिनिटं लागतात. चौदा मिनिटं इथंच वाढली, वर पुण्यात प्रवासी विमानांना आणि एअरफोर्सला मिळून एकच धावपट्टी, तिथं पाचसहा मिनिटं थांबणं धरलं की झाले दोन तास पन्नास. हा वारा कुठला तर हिवाळ्यात उत्तर भारतावरनं फार उंचावर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचा प्रवाह वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, त्याचा जोर दिल्ली–लखनौच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. पुणे–कोलकाता त्याच्या दक्षिणेकडच्या कडेला येतं म्हणून फरक वीस मिनिटांवर भागतो, दिल्ली–गुवाहाटी रूटला हाच फरक अजून मोठा पडतो. मी ड्युटीवर असताना हिवाळ्यात पूर्वेकडनं परत येणाऱ्या फ्लाईटचं इंधन काढताना हात आखडायचो नाही, कारण त्या वाऱ्याचा अंदाज थोडा जरी कमी पडला तरी एक्स्ट्रा म्हणून घेतलेलंच कामाला येतं.

आणि हे बारा महिने असंच असतं असं समजू नका. पावसाळ्यात तो पश्चिमेचा प्रवाह हिमालयाच्या पलीकडं सरकतो आणि दक्षिण भारतावर उलटा, म्हणजे पूर्वेकडनं पश्चिमेकडं वारा सुरू होतो. त्याचा मुख्य जोर विमानांच्या उंचीच्याही वर असतो पण खालीसुद्धा जाणवतो. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये पुणे–कोलकाता जाण्यायेण्यातला फरक जवळजवळ मिटतो, काही दिवस तर येतानाच कमी वेळ लागतो. म्हणून कुणी पावसाळ्यातल्या अनुभवावरनं तुम्हाला सांगितलं की येताना लवकर आलो, तर तो माणूस खोटं बोलत नाही, त्यानं महिना सांगितला नाही एवढंच.

जाताजाता अजून एक गोष्ट, आईंनी खिडकीतनं समोरनं येणारं विमान बघून घाबरू नये म्हणून. पूर्वेकडं जाणारी विमानं २९, ३१, ३३, ३५ हजार अशा विषम उंचीवर आणि पश्चिमेकडं येणारी ३०, ३२, ३४, ३६ अशा सम उंचीवर ठेवतात. त्यामुळं समोरनं येणारं विमान कितीही जवळ वाटलं तरी ते कमीत कमी हजार फूट वर किंवा खाली असतंच.

कंपन्या तिकिटावरच्या वेळेत मुद्दाम थोडी भर घालतात असं लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे. वेळेत आलं की उशिरा आलं हे मोजताना १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेतच धरतात आणि हे आकडे दर महिन्याला जाहीर होतात, त्यामुळं गर्दीच्या विमानतळांसाठी कंपनी पाचदहा मिनिटं सैल ठेवते. मी याला फसवणूक म्हणणार नाही, रोज रोज बघून सरासरी काढलेली असते ती. म्हणून कधी कधी विमान वीस मिनिटं आधी पोचतं, कॅप्टन तसं सांगतो, सगळ्यांना आनंद होतो, आणि त्याच विमानाला दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचायला सगळी भर खर्च करावी लागते. पण एक खूप पसरलेला समज काढून टाका, की उशिरा निघालं तरी पायलट वर स्पीड वाढवून वेळ भरून काढतो. ७८ टक्क्यांच्या जागी ८० टक्के वेगानं गेलं तर तुमच्या रूटवर दोन मिनिटं वाचतात, दोनच, आणि त्याला इंधन जादा जळतं. उशिरा निघालेलं विमान वेळेत पोचलं तर ते बहुतेक त्या घातलेल्या भरीमुळं किंवा सरळ रस्ता मिळाल्यामुळं. पाऊण तास उशिरा निघालं तर पाऊण तासाच्या आसपासच उशिरा पोचणार असं धरून चाला.

आता कोल्हापूर. तुम्ही विचारलंय अंतर किती वाढतं. कोल्हापूर ते हैदराबाद ४४५ किमी, हैदराबाद ते कोलकाता १२०८ किमी, मिळून १६५३. समजा कोल्हापूरहून कोलकात्याला सरळ विमान असतं तर अंतर झालं असतं १६२४. म्हणजे हैदराबादला वळसा घालून फक्त २९ किमी वाढतात, कारण हैदराबाद जवळपास वाटेवरच आहे. नकाशावर बघितलं तर यापेक्षा चांगला रस्ता नाही. पण वेळेचं तसं नाही. कोल्हापूर–हैदराबादला साधारणपणे पंख्याची एटीआर विमानं असतात, त्यांचा वेगच ताशी पाचशेच्या आसपास, म्हणून ४४५ किमीला ब्लॉक टाईम एक तास वीस ते तीस मिनिटं. पुढं हैदराबाद–कोलकाता दोन तास पाच ते पंधरा मिनिटं. शिवाय मध्ये थांबणं. उतरण-चढण दोनदा, धावपट्टीपर्यंत सरकत जाणं-येणं दोनदा, आणि वर बघितलं तसं वेळ खातात ते हेच टप्पे. २९ किमीचा फरक आणि तासांचा फरक यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही.

पण इथंच थांबलात तर परत चूक होईल, कारण तुम्ही लोहगावला राहत नाही. दारापासनं दारापर्यंत मांडू. विट्याहून लोहगाव दोनशे किमीच्या पुढं, रस्त्याला सहापदरीचं काम कुठं ना कुठं चालू, आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूर, मग कात्रजपासनं कोंढवा, हडपसर, खराडी करत विमाननगर. मी साडेचार तास धरतो, शनिवार-रविवार किंवा लग्नाची दाट तिथी असेल तर पाच. विमानतळावर दोन तास आधी, फ्लाईट अडीच तास, बॅगा घेऊन बाहेर अर्धा तास, तिथनं भावाच्या घरापर्यंत तासभर. झाले साडेदहा तास. कोल्हापूर धरलं तर तिथलं उजळाईवाडीचं विमानतळ तुम्हाला शंभर किमीच्या आसपास, तासगाव-सांगली करत अडीच तास. विमानतळ लहान आहे, दीड तास आधी पुरे. मग दोन विमानांचे मिळून तीन तास पस्तीस, हैदराबादला थांबणं अडीच तास धरू, आणि शेवटी तोच दीड तास. झाले साडेअकरा तासांच्या थोडं पुढं. म्हणजे तिकिटावर सहा तास आणि अडीच तास असा प्रचंड दिसणारा फरक घरापासनं मोजला की तासाभरावर येतो. सातारा-वाई-कोरेगावचा माणूस असता तर मी डोळे झाकून पुणे म्हटलं असतं, मिरज-तासगावच्या माणसाला बहुतेक वेळा कोल्हापूर म्हणतो, विटा मात्र बरोबर मध्यावर येतं म्हणून तुमचं उत्तर परिस्थितीवर आहे.

कशाकशावर, तर एक म्हणजे कोल्हापूरचं हैदराबादचं विमान आणि तिथनं पुढचं विमान एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर मिळतंय का. हे मी फार महत्त्वाचं मानतो. एका पीएनआरवर असेल तर आईंची बॅग कोल्हापूरला दिली की थेट कोलकात्याला मिळते, आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकीटं काढली, दोनशे-पाचशे रुपये वाचले म्हणून, तर चुकल्यावर कुणीच जबाबदार नाही, दुसरं तिकीट गेलं आणि नवीन त्याच दिवशीच्या दरानं. दुसरं म्हणजे मधला वेळ किती. सव्वा तासाची जोडणी सिस्टिम विकते, पण पहिलाच प्रवास करणाऱ्या वयस्कर माणसाला घेऊन मी दोन तासांच्या आतली घेऊ देणार नाही, चार तासांच्या वरची पण नको, बसून बसून पाय सुजतात. तिसरं म्हणजे पुण्यात मुक्कामाला हक्काचं घर आहे का. असेल तर पुण्याचा सगळा हिशेबच बदलतो, आदल्या संध्याकाळी आरामात पुण्यात या, सकाळी नॉन-स्टॉप.

तिकीट बघताना फ्लाईट नंबर एकच आहे म्हणजे मध्ये थांबत नाही असं समजू नका. काही विमानं त्याच नंबरनं मध्ये नागपूरला किंवा दुसरीकडं उतरून पुढं जातात, तुम्हाला खाली उतरायचं नसतं पण तासभर वाढतो. एकूण वेळ बघा. पुणे–कोलकाता तीन तासांच्या वर दाखवत असेल तर मध्ये काहीतरी आहे.

कुठली फ्लाईट किती वाजताची हे मी इथं लिहीत नाही कारण वेळापत्रक वर्षातनं दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तुमचं डिसेंबरचं आहे, त्यामुळं ऑक्टोबरनंतरच्याच वेळा धरा, सप्टेंबरमध्ये कुणी सांगितलेल्या धरू नका. आणि तिकीट काढायच्या आधी एक काम करा, फ्लाईटरडारसारख्या ॲपवर तो फ्लाईट नंबर टाका, मागच्या आठवडाभरात रोज प्रत्यक्ष किती वाजता निघालं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. तिकिटावरच्या वेळेपेक्षा मी त्या यादीवर जास्त विश्वास ठेवतो. रोज पन्नास मिनिटं उशीर करणारी फ्लाईट तुमच्या दिवशीच वेळेत येईल असं धरायला काही कारण नाही.

आता त्याच दिवशी निघून पाचच्या आत, याचं उत्तर. कागदावर बसतं. पुण्याहून अकराच्या सुमाराची नॉन-स्टॉप मिळाली तर दीडला उतरणार, दोनला बाहेर, सव्वातीनपर्यंत भावाच्या घरी. त्यासाठी विट्यातनं पहाटे चारच्या आत निघायचं. हातात राहतात पावणेदोन तास, आणि ते कशात जाऊ शकतात ते सांगतो. एकच विमान दिवसभरात पाचसहा ठिकाणी फिरतं, सकाळी कुठंतरी उशीर झाला की तो पुढं पुढं सरकत जातो, म्हणून एरवी मी सकाळची पहिली फ्लाईट घ्या म्हणतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहिल्या फ्लाईटला धुक्याचा धोका. कोलकात्यात धुकं पहाटे दाटतं आणि नऊदहापर्यंत विरतं, दिल्लीत त्याहून वाईट, आणि तुमचं विमान आदल्या रात्री किंवा सकाळी दिल्लीवरनं येणारं असेल तर पुण्यात लख्ख ऊन असताना पण तुम्ही थांबून राहणार. म्हणजे पहिली फ्लाईट धुक्यात सापडू शकते आणि उशिराची फ्लाईट साखळीत. दोन्हीकडनं दोन तासांचा उशीर ही काही अपवादाची गोष्ट नाही, हिवाळ्यात तर नाहीच. आणि कार्यक्रम भावाच्या घराचा, आई तिथं पूजेला हव्यात, आयुष्यात एकदाच येणारा दिवस. माझं स्पष्ट मत आहे, आदल्या दिवशी जा. एका रात्रीनं काही बिघडत नाही, उलट सकाळच्या पूजेला आई ताज्यातवान्या असतील.

आदल्या दिवशी जाणार असाल आणि पुण्यात मुक्कामाचं घर नसेल, तर मी कोल्हापूर घेईन. साडेचार-पाच तास गाडीत आखडून बसणं वयस्कर माणसाला जास्त जड जातं, त्यापेक्षा अडीच तास गाडी आणि हैदराबादला व्हीलचेअरवरनं दुसऱ्या गेटला जाणं हे सोपं. कोल्हापूरहून दिवसाला मोजकीच विमानं असतात आणि लहान विमानतळावर कमी उजेडात-धुक्यात उतरायची सोय मोठ्या विमानतळाएवढी नसते, त्यामुळं एखादं रद्द झालं तर लगेच दुसरं नाही, हा त्यातला खरा धोका. पण आदल्या दिवशी निघाल्यावर तो पेलता येतो, कारण गाडी पुण्याकडं वळवून रात्रीच्या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाईटनं जायला वेळ हातात असतो. त्याच दिवशी जायचाच हट्ट असेल तर मात्र कोल्हापूर नको, पुण्याची नॉन-स्टॉपच.

आईंसाठी थोडं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, पैसे लागत नाहीत, आत चालणं बरंच असतं. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात, मोठी हँडबॅग खाली घालायला घेतात, म्हणून औषधं आणि चष्मा छोट्या पिशवीत जवळ ठेवा. उतरताना कान दडपतात, तेव्हा लिमलेटची गोळी चघळायला द्या आणि झोपू देऊ नका. वास्तुशांतीचं सामान इथनं न्यायचा मोह होतो, पण कापूर, काडेपेटी आणि सुकं खोबरं विमानात चालत नाही, बॅग उघडायला लावतात, ते कोलकात्यातच घ्या. डोमेस्टिकला काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं आणि गेट पंचवीस मिनिटं आधी, त्यात कुणी सवलत देत नाही. आणि त्यांना सांगून ठेवा की तिकडं डिसेंबरमध्ये पाचच्या आतच सूर्य मावळतो, आपल्याकडं सहाच्या सुमाराला मावळतो. घड्याळ तेच आहे, फक्त कोलकाता आपल्यापासनं एवढं पूर्वेला आहे. नाहीतर उजेड गेलेला बघून उशीर झाला म्हणून घाई करतील.

परदेशाचं कुणीतरी विचारेलच म्हणून एवढंच लिहितो, तिथं तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात. मुंबई–दुबई साधारण १९३० किमी, विमान जातं तीन तास वीस मिनिटांच्या आसपास, पण दुबईचं घड्याळ दीड तास मागं, त्यामुळं तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर एक तास पन्नास मिनिटंच दिसतात, आणि येताना प्रत्यक्षापेक्षा दीड तास जादा. आणि अंतर तेच राहून वेळ कशी वाढते याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं अरबी समुद्राकडनं वळसा घालून जायला लागली. दिल्ली–लंडन हवाई अंतर विचारलं तर नेट आजही तोच जुना आकडा सांगतं.

परतीचं तुम्ही फारसं विचारलं नाहीये पण ते मी जास्त जपून काढायला सांगेन. येताना वारा समोरनं, वेळ जास्त, आणि कोलकात्याहून संध्याकाळची फ्लाईट घेतली तर पुण्यात रात्री दहा-अकराला उतरून पुढं रात्रभर गाडी. कार्यक्रमाच्या धावपळीनंतर ड्रायव्हर जागा असला तरी आईंना ते झेपणार नाही. सकाळची उशिराची, धुकं विरल्यावरची बघा, नऊच्या पुढची, म्हणजे पुण्यात दुपारी उतरून दिवस असतानाच खंबाटकी ओलांडता येईल आणि रात्रीच्या जेवणाला घरी. हैदराबादमार्गे परत येत असाल तर तिथनं कोल्हापूरला येणारं दिवसातलं शेवटचं विमान घेऊ नका, ते चुकलं किंवा रद्द झालं तर रात्र हैदराबादलाच काढावी लागते. जाण्यायेण्याच्या तारखा नक्की झाल्या की फ्लाईट नंबर इथं टाका, मागच्या आठवड्याच्या वेळा बघून कुठली घ्यावी ते सांगतो.